बुद्धिबळातील नावांचे वतन

गेल्या हिवाळ्यात परप्रांतातील एका महाराष्ट्र मंडळाच्या बालविभागाने बुद्धिबळाची स्पर्धा भरविली होती. मंडळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथे जे घडले ते आपल्या कोणत्याही मंडळात घडण्यासारखे आहे. स्पर्धेचे दोन भाग होते. पहिल्या भागात मुलांनी डावाच्या सुरुवातींची नावे तोंडपाठ म्हणावयाची, दुसऱ्या भागात प्रत्यक्ष खेळावयाचे. अकरा वर्षांच्या एका मुलाने चाळीस नावे एका दमात म्हणून दाखविली. वजीर गॅम्बिट, स्लाव्ह, अर्ध-स्लाव्ह, ताराश, कॅटलान, ग्रुनफेल्ड, बेनोनी! टाळ्यांचा कडकडाट झाला, पहिले पारितोषिक त्यास मिळाले, आणि अर्ध्या तासाने प्रत्यक्ष पटावर त्याच वजीर गॅम्बिटमध्ये सहाव्या खेळीस त्याचे एक मोहरे गेले.

डाव संपल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो रडवेला होऊन म्हणाला, "आजोबा, गॅम्बिट म्हणजे प्यादं दान देणं ना? मग त्यांनी दिलेलं प्यादं मी घेतलं आणि सांभाळलं, त्यात माझं काय चुकलं?"

त्या मुलाचे काहीच चुकले नव्हते. त्याला शिकविणाऱ्यांचे चुकले होते, आणि त्याहूनही अधिक, ज्या नावावर त्याने भाबडेपणाने विश्वास ठेवला त्या नावाचेच चुकले होते. पारितोषिक-वितरणाच्या वेळी मंडळाचे एक पदाधिकारी, हुद्द्याने मोठे आणि स्वभावाने सज्जन, भाषणात म्हणाले की, "नाव कळले की निम्मे ज्ञान झाले." या वाक्यावर पुन्हा टाळ्या पडल्या. माझा या लेखातील सारा वाद त्या एका वाक्याशी आहे. बुद्धिबळात तरी नाव कळल्याने निम्मे ज्ञान होत नाही. पुष्कळदा पूर्ण अज्ञान होते, आणि ते ज्ञानाच्या वेषात येत असल्यामुळे अधिक घातक ठरते.

प्रथम त्या मुलाचा डाव पाहू. पांढऱ्याने वजिराचे प्यादे दोन घरे सारले, काळ्यानेही तसेच केले. मग पांढऱ्याने वजिराकडील उंटाचे प्यादे दोन घरे पुढे आणून काळ्याच्या प्याद्याच्या तोंडी दिले. एवढ्या खेळीस वजीर गॅम्बिट म्हणतात. मुलाने ते प्यादे मारले. येथवर काहीही वावगे नाही; हा मार्ग थोर खेळाडूंनी मान्य केलेला आहे. पांढऱ्याने राजाचे प्यादे एक घर सारून आपल्या उंटाची वाट मोकळी केली. आता मुलाला वाटले की मिळालेले दान राखावे. त्याने वजिराकडील घोड्याचे प्यादे दोन घरे पुढे आणून मारलेल्या प्याद्यास जोर दिला. पांढऱ्याने त्या बाजूच्या हत्तीचे प्यादे दोन घरे आणून त्या जोरावर घाव घातला. मुलाने उंटाचे प्यादे एक घर सारून जोराला जोर दिला. प्याद्यास प्यादे मारले गेले, आणि पांढऱ्याचा वजीर राजाकडील उंटाच्या पट्टीत तिसऱ्या घरी येऊन उभा राहिला. तिथून कोपऱ्यातील काळ्या हत्तीपर्यंतची संपूर्ण तिरकी वाट मुलाने स्वतःच्याच हातांनी मोकळी करून ठेवली होती. हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट मध्ये घालून बळी द्यावा लागतो. मोहरे वाचण्याचा मार्गच नाही.

यात मर्म काय? वजीर गॅम्बिटमध्ये दिलेले प्यादे हे दान नव्हेच. पांढरा ते वाटेल तेव्हा वसूल करू शकतो. आपल्या वाचकांपैकी महसूल खात्यात ज्यांनी उमेदवारी केली असेल त्यांना मी एकाच शब्दात सांगेन: ही तगाई आहे. तगाई घेणाऱ्याने ती आपली मिळकत समजून दडवून ठेवली तर शेवटी जे होते तेच त्या मुलाचे झाले. शहाणा खेळाडू काय करतो? प्यादे घेतो, पांढरा ते परत वसूल करण्यात जो वेळ घालवितो त्या वेळात आपली मोहरी बाहेर काढतो, आणि मग शांतपणे ते परत जाऊ देतो. घेणे हा येथे लाभ नाही. घेऊन मिळविलेला अवकाश हा लाभ आहे. "गॅम्बिट म्हणजे दान" असे ज्याला शिकविले आहे त्याला हे कधीही सुचणार नाही, कारण त्याच्या हातात दिलेला शब्दच खोटा आहे.

हा शब्द आला कोठून? स्पेनमधील रुय लोपेझ या धर्मोपदेशकाने १५६१ मध्ये आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी योजिला. मूळ इटालियन भाषेत 'गांबा' म्हणजे पाय, आणि त्यावरून झालेल्या शब्दाचा अर्थ कुस्तीत प्रतिपक्ष्याला पाय घालून पाडणे. आपल्या तालमीतला पैलवान त्याला सरळ 'टांग' म्हणेल. तेव्हा मूळ अर्थी दानाचा गंधही नाही, आहे तो पेच. काळाच्या ओघात टांगेचे दान झाले, आणि दानाला भुलून आमची मुले आपटी खाऊ लागली! मौज अशी की ही खेळी या शब्दाहूनही जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या, ग्योटिंगेन येथील हस्तलिखितात ती आढळते. पुढे अलेप्पो नगरीच्या फिलिप स्टॅमाने अठराव्या शतकात तिचा पुरस्कार केला, म्हणून काही काळ तिला 'अलेप्पो गॅम्बिट' असेही म्हणत. म्हणजे एकाच खेळीने आजवर दोन नावे धारण केली, आणि तिचे खरे स्वरूप दोहोंपैकी एकानेही सांगितले नाही.

आता कोणी म्हणेल, "एका नावात चूक झाली म्हणून साऱ्या नावांना का झोडपता?" आक्षेप रास्त आहे. म्हणून वजिराच्या प्याद्याने सुरू होणाऱ्या डावांच्या नामावळीची थोडी झडती घेऊ. आपण सारे कचेरीतली माणसे. मिसल वर काढून पाहिल्यावाचून शेरा मारू नये, एवढा नियम आपल्याला ठाऊक आहे.

पहिले प्रकरण आल्बिन प्रतिगॅम्बिटचे. वजीर गॅम्बिट समोर येताच काळा स्वतःच राजाचे प्यादे दोन घरे सारून पुढे करतो आणि त्याच्या मोबदल्यात आपले मधले प्यादे पांढऱ्याच्या मुलखात पाचरीसारखे ठोकतो. ही पाचर कशी दगा देते पाहा. पांढऱ्याने बेसावधपणे राजाचे प्यादे एक घर सारून पाचर उखडण्याचा यत्न केला, तर काळ्याच्या उंटाचा शह येतो, पांढरा आपला उंट मध्ये घालतो, आणि काळा त्या शह देणाऱ्या उंटाची पर्वा न करता प्याद्याने प्यादे मारतो. पांढऱ्याने लोभाने तो उंट मारला की तेच प्यादे शह देत पुढे सरकते, आणि पुढच्या खेळीस शेवटच्या रांगेतला घोडा मारून स्वतः घोडा होते. वजीर नव्हे, घोडा! कारण वजीर केला तर शह बसत नाही, घोडा केला तर बसतो. प्याद्याला हवे ते होण्याची मुभा असता त्याने लहान हुद्दा पत्करावा आणि त्यातच डाव जिंकावा, हे बढतीच्या यादीकडे डोळे लावून बसणाऱ्या आपणा सर्वांनी मनन करण्यासारखे आहे. असो. या पद्धतीस आडोल्फ आल्बिनचे नाव मिळाले, कारण १८९३ मध्ये न्यूयॉर्क येथे तो ती लास्करविरुद्ध खेळला. परंतु १८८१ मध्ये मिलान येथे काव्हालोत्ती नावाचा खेळाडू साल्व्हिओलीविरुद्ध ती खेळून बसला होता. आणि न्यूयॉर्कच्या त्या स्पर्धेत लास्कर तेराच्या तेरा डाव जिंकला, म्हणजे आल्बिनचा तो डावही तो हरलाच. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरे प्रकरण 'बेन्को' अथवा 'व्होल्गा' गॅम्बिटचे. येथे काळा वजिराच्या बाजूचे एक प्यादे खरोखरच देऊन टाकतो. ते परत मिळावे अशी त्याची घाई नसते. त्याला हव्या असतात त्या बाजूच्या दोन मोकळ्या पट्ट्या, ज्यांतून त्याचे हत्ती आणि लांब तिरक्या वाटेवर बसविलेला उंट पांढऱ्याला डावाच्या अखेरपर्यंत जाच देत राहतात. म्हणजे गॅम्बिट हे नाव जिथे सर्वार्थाने शोभावे अशी ही जागा. पण नाव कोणाचे? १९४६ मध्ये एका रशियन बुद्धिबळ नियतकालिकात अर्गुनोव्हने या पद्धतीवर लेख लिहिला. तो व्होल्गातीरच्या, तेव्हा कुयबिशेव्ह म्हटल्या जाणाऱ्या शहरातला. म्हणून रशियन वाचक तिला नदीचे नाव देतो. पुढे १९६० नंतरच्या दशकात मूळचा हंगेरियन आणि नंतर अमेरिकावासी झालेला पाल बेन्को ती नेटाने खेळला, १९७४ मध्ये त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाने तिला त्याचे नाव दिले. एकच गॅम्बिट, पण तुम्ही कोणत्या भाषेत पुस्तक वाचता यावरून तिचा पिता ठरतो.

तिसरे प्रकरण कॅटलानचे. १९२९ मध्ये बार्सिलोनाच्या स्पर्धेत संयोजकांनी आपल्या प्रांताच्या गौरवार्थ एखादी सुरुवात घडवावी अशी विनंती तार्ताकोव्हरला केली आणि त्याने ती मान्य केली. बेनोनी हे तर १८२५ मधील एका जर्मन पुस्तकाचे नाव. त्याचा हिब्रू अर्थ 'माझ्या दुःखाचा पुत्र'. मेरान हे १९२४ च्या स्पर्धेचे गाव. 'केंब्रिज स्प्रिंग्ज'चा तर त्या विख्यात विद्यापीठाशी काडीचाही संबंध नाही. ते पेन्सिल्व्हानियातील एक लहानसे गाव, जिथे १९०४ मध्ये स्पर्धा भरली होती. आमच्या एका मित्राने ते नाव उच्चारताना विद्यापीठाच्या आदराने मान लवविलेली मी पाहिली आहे!

तात्पर्य, ही नावे वर्णने नव्हेत. ती वतने आहेत. कोणी छापले, कोठे छापले, कोणाच्या भाषेत छापले, यावर वतन कोणाच्या दारात जाते ते ठरते. आणि वतनाच्या कागदपत्रांत जसा मूळ कसणाऱ्या कुळाचा उल्लेख नसतो तसाच येथेही नसतो. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. असे एक कूळ आपल्याच देशातले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर राहत असे. त्या काळच्या बलाढ्य खेळाडूंत त्याची गणना होई. त्याच्याशी महेशचंद्र बॅनर्जी नावाचा एक बंगाली गृहस्थ शेकडो डाव खेळला. महेशचंद्र आपल्या हिंदुस्थानी पद्धतीत वाढलेला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही सर्वसाधारणपणे एकच घर चाले. त्यामुळे मध्यभागी धावून जाण्याऐवजी उंट बाजूच्या प्याद्यामागे दबा धरून बसवावा, प्रतिपक्ष्याला मध्य भरू द्यावा आणि मग तो पोखरावा, ही त्याची सहज चाल. युरोपात तेव्हा ही रीत विक्षिप्त वाटे. १८५५ मध्ये कॉक्रेनने वजिराचे प्यादे पुढे केले असता महेशचंद्राने घोडा काढला, राजाकडील घोड्याचे प्यादे एक घर सारून उंटाला जागा केली, आणि तिसऱ्या खेळीस वजिराचे प्यादे दोन घरे सारून मध्यावर आघात केला. त्या डावाची नोंद आजही उपलब्ध आहे. या तीन खेळ्यांना आज सारे जग काय म्हणते? ग्रुनफेल्ड बचाव! व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने त्या प्रचारात आणल्या १९२२ मध्ये, म्हणजे सदुसष्ट वर्षांनंतर.

कोणी म्हणेल, महेशचंद्र तो डाव हरला होता. होय, हरला. मी ते लपवीत नाही. पण आल्बिनही हरला होता, हे आपण वर पाहिलेच. हरलेल्या आल्बिनला वतन आणि हरलेल्या महेशचंद्राला विस्मृती, याचे समर्थन पटावरील कोणत्या नियमाने होते ते मला सांगावे. आणि याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. याच कॉक्रेनने १८४८ मध्ये याच महेशचंद्राविरुद्ध एका वेगळ्या सुरुवातीत चौथ्या खेळीस घोडा बळी दिला. त्या खेळीस आज 'कॉक्रेन गॅम्बिट' म्हणतात. म्हणजे दोघे एका पटाशी बसले होते. त्यांतील एकाचे नाव त्याच्या साहसाला चिकटले. दुसऱ्याच्या पद्धतीला मात्र 'भारतीय बचाव' असे राष्ट्रवाचक नाव मिळाले आणि माणूस त्यात विरघळून गेला. साहेबाला नाव, नेटिवाला जात! आपल्यापैकी काही जण म्हणतात, "निदान देशाचे नाव तरी झाले." मला यात समाधान वाटत नाही. देशाचे नाव होणे आणि देशातल्या माणसाचे नाव पुसले जाणे या एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी असू शकतात.

एवढे वाचून काही स्वदेशाभिमानी वाचकांचे बाहू स्फुरण पावले असतील. त्यांनी थोडे थांबावे, कारण माझा त्यांच्याशीही वाद आहे. एक पक्ष असा निघाला आहे की बुद्धिबळ हा खेळच आपला, तेव्हा सगळी विदेशी नावे काढून टाकून त्या जागी संस्कृत नावे घालावी. हा अभिमान नव्हे, आळस आहे. खेळाचे बीज आपले हे खरे. परंतु आजचा दूरवर धावणारा वजीर आणि तिरक्या वाटेने पट ओलांडणारा उंट हे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपात घडले. आपल्या जुन्या पटावर, जिथे प्यादे एकच घर चालते, तिथे वजीर गॅम्बिट संभवतच नव्हता. जे आपले नाही त्यास आपले म्हणणे आणि जे महेशचंद्राचे आहे ते ग्रुनफेल्डचे म्हणणे, या दोहोंत नीतीच्या दृष्टीने मला तिळमात्र फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी कागद खोटा आहे.

शब्दास शब्द ठेवून केलेल्या भाषांतराची तर याहून वाईट गत होते. इंग्रजीत या गॅम्बिटशी राणीचे नाव जोडलेले आहे. वॉल्टर टेव्हिसच्या १९८३ मधील कादंबरीवरून २०२० मध्ये जी मालिका निघाली, तिच्यामुळे हे नाव घरोघरी पोहोचले, आणि आमची सुशिक्षित मंडळी त्यास 'राणीचे बलिदान' म्हणू लागली. मराठी पटावर राणी नाही, वजीर आहे. आणि या सुरुवातीत बळी जात असेल तर तो वजिराचा नव्हे, वजिराकडील उंटाच्या प्याद्याचा, आणि तोही, आपण पाहिले त्याप्रमाणे, खरा नव्हे. दोन शब्दांत तीन चुका!

दुसरे उदाहरण याहून बोलके. गॅम्बिट नाकारल्यानंतरच्या एका वाटेत पांढऱ्याचा उंट काळ्या घोड्यावर रोखलेला असतो आणि घोड्यामागे काळा वजीर उभा असतो. घोडा हलणार नाही या विश्वासावर पांढरा मधले प्यादे फुकट समजून घोड्याने मारतो. काळा बेधडक घोडा हलवितो, वजीर देतो, आणि लगेच उंटाने असा शह देतो की पांढऱ्याला आपला वजीर मध्ये घालण्यावाचून गत्यंतर नाही. हिशेब मिटतो तेव्हा काळ्याचे एक मोहरे वर असते. १८४८ मध्ये बर्लिन येथे मायेटविरुद्ध हार्विट्झ हा डाव खेळल्याची नोंद आहे. इंग्रजीत या सापळ्याला हत्तीचे नाव आहे. मराठीत त्याचे 'हत्तीचा सापळा' असे भाषांतर करून एका शिक्षकाने मुलांना विचारले, "यात हत्ती कोठे आहे ते शोधा." मुले बिचारी शोधीत राहिली! आपला हत्ती कोपऱ्यात उभा असतो आणि या साऱ्या प्रकरणात जागचा हलतही नाही. करामत घोड्याची आणि उंटाची आहे.

आता तिसरा पक्ष. हा सर्वांत आधुनिक आणि म्हणून सर्वांत आत्मविश्वासाने बोलणारा. तो म्हणतो, "संगणक नावे जाणत नाही आणि तरीही माणसाला हरवितो. आता नावांचा प्रश्नच उरला नाही. पुढे-मागे युगोस्लाव्हियात निघालेल्या विश्वकोशाप्रमाणे नुसते क्रमांक वापरा." त्या कोशात सुरुवातींची पाचशे क्रमांकांत विभागणी आहे आणि 'ड' मालेतील सुमारे साठ क्रमांक एकट्या वजीर गॅम्बिटच्या परिवाराने अडविले आहेत, हे खरे. परंतु क्रमांक म्हणजे दप्तराचा क्रमांक. दप्तर सापडावयास तो लागतो, प्रकरण समजावयास नव्हे. यंत्राला शब्द लागत नाहीत, कारण त्याला दुसऱ्या यंत्राला काही शिकवावयाचे नसते. माणूस शब्दाने आठवतो, शब्दाने शिकतो आणि शब्दानेच शिकवितो. म्हणून नावे टाकून देणे हा उपाय नाही. नावांची चौकशी करणे हा उपाय आहे.

ती कशी करावयाची? नावाच्या आधी प्रश्न शिकवून. वजीर गॅम्बिटमध्ये काळ्यापुढे खरा प्रश्न एकच असतो: वजिराकडील उंटाचे काय करावयाचे? राजाचे प्यादे एक घर सारून मधल्या प्याद्यास जोर दिला तर मध्य भक्कम होतो, पण तो उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. हे 'नाकारलेले' वजीर गॅम्बिट. उंटाच्या प्याद्याने जोर दिला तर उंटाची वाट मोकळी राहते, पण घोड्याचे सर्वांत सोयीचे घर प्यादे अडविते. हे 'स्लाव्ह'. प्यादे मारून मध्य सोडला तर उंट आणि घोडा दोन्ही मोकळे, पण मुलूख पांढऱ्याचा. हे 'स्वीकारलेले'. आणि ताराशच्या मताने मध्यावर तत्काळ प्रतिघात करावा, मोहरी मोकळी करावी आणि मोबदल्यात एक एकाकी प्यादे जन्मभर पोसावे. स्पास्कीने १९६९ मध्ये पेट्रोसियनकडून जगज्जेतेपद घेताना हा मार्ग वापरला. चार नावे, पण एकाच प्रश्नाची चार उत्तरे. प्रश्न ज्याला कळला त्याला चारही नावे न सांगता आठवतील. ज्याला प्रश्न ठाऊक नाही त्याने चाळीस नावे पाठ केली तरी सहाव्या खेळीस मोहरे जाईल.

थोरांचा दाखला हवा असेल तर दोन देतो. १९२७ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदाचे ३४ डाव झाले. त्यांतील ३२ डाव वजीर गॅम्बिटचे. इतके महिने ते दोघे काही एका प्याद्याच्या दानावर घासाघीस करीत नव्हते. दुसरा दाखला १९७२ चा, रेक्याविकचा. राजाचे प्यादे पुढे करण्यात हयात घालविलेल्या फिशरने सहाव्या डावात वजिराकडील उंटाचे प्यादे सारले. नावे पाठ केलेल्या माणसाने लगेच 'इंग्लिश सुरुवात' असे लिहून घेतले असते. तिसऱ्या खेळीस फिशरने वजिराचे प्यादे दोन घरे सारले आणि डाव नाकारलेल्या वजीर गॅम्बिटमध्ये येऊन पोहोचला. तो डाव असा काही झाला की हरलेल्या स्पास्कीनेच प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजविल्या. नाव पहिल्या खेळीवर चिकटविलेले असते, स्थिती मात्र वाहत असते. खेळावयाचे असते ते स्थितीशी.

हे सारे मी या मासिकाच्या वाचकांपुढे का मांडतो? कारण आपण सारे नावे ठेवण्याच्या आणि नावांवर विश्वासण्याच्या व्यवसायात आयुष्य घालविले आहे. मिसलीच्या पाठीवर एकाने जो विषय लिहिला तो पुढचे दहा अधिकारी तपासल्यावाचून पुढे नेतात, आणि अखेरीस 'किरकोळ' असे लिहिलेल्या प्रकरणात एखाद्या कुटुंबाची भाकरी अडकलेली निघते, हे आपण पाहिले आहे. मी स्वतः एकदा असे केले आहे, आणि ते आठवले की आजही मला माझीच शरम वाटते. बदलीच्या गावी आपली मुले मराठी वाचण्याचे विसरत चालली; जे थोडे आपण त्यांना मंडळात देतो ते तरी पोपटपंचीचे नसावे, एवढीच माझी मागणी आहे.

ती मागणी तीन कलमांत सांगतो. पहिले, नावे म्हणून दाखविण्याच्या स्पर्धा बंद कराव्या. त्याऐवजी मुलापुढे पट मांडून "येथे काळ्याची अडचण कोणती?" असे विचारावे आणि त्याच्या मराठी उत्तरास गुण द्यावे. जोर, शह, मोहरे, किल्लेकोट, प्यादेमात असे सकस शब्द आपल्या भाषेत असता मुलांना अर्धवट इंग्रजीत विचार करावयास लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. दुसरे, विदेशी नावे जशीच्या तशी ठेवावी, परंतु प्रत्येक नावापाठोपाठ एका वाक्यात त्याचा अर्थ आणि त्याची वंशावळ सांगावी; वजीर गॅम्बिट सांगताना 'दान नव्हे, तगाई' हे शब्द चुकवू नयेत. तिसरे, आपल्या लेखनात आणि शिकवणीत तरी ग्रुनफेल्ड बचावाला 'महेशचंद्र-ग्रुनफेल्ड' म्हणावे. ग्रुनफेल्डचे काही काढून घ्यावयाचे नाही. त्याने ती पद्धत अभ्यासाने उभी केली, ते श्रेय त्याचेच. केवळ मूळ कुळाचे नाव सातबाऱ्यावर चढवावयाचे आहे.

"आता इतक्या उशिरा काय उपयोग?" असे कोणी विचारील. १९६६ मध्ये निवर्तलेल्या मीर सुलतान खानला, ज्याने तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले, जागतिक संघटनेने सन्मान्य ग्रँडमास्टर ही पदवी २०२४ मध्ये दिली. उशीर झाला, पण कागद दुरुस्त झाला. कागद दुरुस्त करणे हे तर आपले नित्याचे काम आहे.

आणि तो मुलगा? त्या दिवशी आम्ही दोघांनी तोच डाव पुन्हा मांडला. या वेळी त्याने प्यादे घेतले, घोडा बाहेर काढला, आणि पांढऱ्याने प्यादे परत मारले तेव्हा हात आवरून तो पटाकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आजोबा, प्यादं गेलं, पण माझा उंट सुटला." चाळीस नावांवर त्याला पारितोषिक मिळाले होते. या एका वाक्यावर कोणी टाळी वाजविली नाही. माझ्या मते पारितोषिक त्यालाच द्यावयास हवे होते.